आबा, यंदा निवड चाचणीला मी उतरणार नाही

तीर्थरूप आबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेलं की आबा आधी वजन विचारतात, मग खुराक, मग गुडघा, आणि तोवर माझं बोलायचं राहूनच जातं. म्हणून लिहितेय. आई, आबांना तू वाचून दाखव. आणि मधली वाक्यं गाळू नको, तुझी सवय मला ठाऊक आहे.

यंदा जिल्ह्याच्या कुस्तीच्या निवड चाचणीला मी उतरणार नाही. पुढच्या वर्षीही नाही. इथं बीडकडच्या मुलींना कुस्ती शिकवायला कायमचं राहायचं ठरवलंय आणि संस्थेला तसा होकारही दिलाय. आधी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता, पण रात्रभर ओट्यावर बसून राहिला असता. ते मला नको होतं.

गुडघ्याचं कारण नाही, आबा. गुडघा बरा आहे. बैठका मुलींबरोबर मारतेच. कुणी काही बोललेलंही नाही, तेव्हा साताऱ्याच्या वेळेसारखं कुणाला फोन करून झापू नका. पाच टक्क्यांच्या खेळाडू आरक्षणाची माझी प्रमाणपत्रं पेटीत नीट आहेत, पुढं नोकरीसाठी अर्ज करायचा झाला तर करता येईल. पगार थोडा कमी आहे, पण राहणं-जेवण संस्थेकडं आहे, म्हणजे हातात तेवढेच उरतात. दादूच्या कर्जाचा माझा वाटा महिन्याच्या महिन्याला येत राहील.

खरं कारण सांगते. गेल्या महिन्यात विभागीय शालेय स्पर्धेत आमची एक पोर खेळली. सेहेचाळीस किलो, काटकुळी. पहिल्या फेरीत चार गुणांनी मागं पडली. मधे तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात तोंडावर पाणी मारायचं, दंड चोळायचे आणि सांगायचं ते एकच, कारण दोन गोष्टी सांगितल्या की पोरीला एकही आठवत नाही. मी सांगितलं, ती पट काढायला तुझ्या उजव्या पायावरच येतेय, येऊ दे, आली की मान धर. दुसऱ्या फेरीत समोरची वाकून आली आणि आमचीनं मान धरून कंबरेवरून फेकायची अशी ढाक लावली की पंच गादीवर आडवे होऊन खांदे बघायला लागले. चीतपट! आबा, ती तुमची ढाक होती. गोठ्यामागच्या हौद्यात ताक, हळद, तेल घालून तुम्ही माती मळायचा आणि चिंचोके मोजून जोर काढायला लावायचा, तिथली. कंबर आत घालायची तुमची लकब तिच्यात उतरली आहे. तिनं तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही.

मी स्वतः जिंकायचे तेव्हा पहिल्यांदा मनात यायचं ते ‘सुटले’. आनंद घरी आल्यावर, आई पाठीला तेल लावायला लागली की व्हायचा, तोही निम्मा. त्या दिवशी गादीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर मला जे झालं ते कधीच झालं नव्हतं. ओरडून घसा बसला आणि रडू आवरेना. दुसऱ्या संघाचे वस्ताद बघत होते, लाजच वाटली जराशी.

२०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, आठवतं? प्रतीक्षा बागडीला गदा मिळाली तेव्हा तुम्ही माझा हात घट्ट धरला होता. सगळं मैदान तिच्याकडं बघत होतं आणि मी कोपऱ्यात कोण बसलंय ते शोधत होते. तेव्हा बोलले नाही, कारण देवळीशेजारी माझ्या गदेसाठी तुम्ही ठोकलेल्या त्या दोन खुंट्या माझ्या डोळ्यांपुढं आल्या. खुंट्या राहू द्यात, आबा.

तुम्ही लहानपणी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगायचा, गोळेश्वरपासून हेलसिंकी ऑलिंपिकपर्यंत. १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले, १९५२ ला कांस्य. दरवेळी पदकाशी आलात की तुमचा आवाज चढायचा आणि गोष्ट संपायची. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी त्यांना पाठवायला स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले, हे मात्र तुम्ही जाता जाता एका वाक्यात उरकायचा. मी आता ही गोष्ट मुलींना सांगते आणि खर्डेकरांवरच जास्त रेंगाळते. सात हजार, १९५२ साली! खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्या घेऊन ते घर सोडवायला पैसे दिले म्हणतात. आणि हा पैलवान राहुल आवारे, इथलाच, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं आणलं तेव्हा पेपरात फोटो त्याचा, पण तुम्हीच म्हणाला होता की ही त्याच्या वस्तादांची, बिराजदार मामांची आणि काका पवारांची मेहनत. तुम्ही ते किती मानानं म्हणाला होता. मला तेवढंच हवंय.

इथल्या मुलींचं एक सांगायचं राहिलं. निम्म्याजणींचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन टोळी निघते ती चैत्राकडं परतते. पोर बरोबर गेली तर शाळा सुटते, मागं ठेवायची तर राखणार कोण, म्हणून लग्न उरकतात, पंधराव्या-सोळाव्या वर्षीसुद्धा. वसतिगृहात राहिली तर निदान तो हंगाम टळतो. आई, आपल्या मळ्यात टोळी यायची तेव्हा तू ज्या बाळाला दूध पाठवायचीस, तशाच कोपीतल्या या. ढाक लावलेल्या पोरीची आई आत्ता आपल्याच तालुक्यात मोळ्या बांधतेय. ती जिंकली तेव्हा मी फोन लावला, तर पलीकडून आधी ‘लागलं तर नाही ना तिला?’ अगदी तुझाच प्रश्न.

याला त्याग वगैरे म्हणू नका. पाहुण्यांत सांगताना ‘पोरीनं मन मारलं’ असं तर मुळीच नको. मी मजेत आहे. खोलीत पंखा आहे, पाण्याची टाकी स्वतंत्र आहे, उन्हाळ्यात टँकर येतो पण येतो. ज्वारीची भाकरी आपल्यापेक्षा चांगली मिळते (आई, रागावू नको), दूध म्हशीचं. तांबडा-पांढरा मात्र कुणाला जमत नाही. एकदा मीच करायला गेले, मुली सभ्य आहेत म्हणून खाल्ला. लग्नाचं म्हणाल तर मी नाही म्हटलेलं नाही, पण येणारा इथं राहायला तयार हवा, एवढं मामांना सांगून ठेवा.

आता माझं ऐका. आबांच्या साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, जेवणानंतरची नाही. डबीवर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. यात्रेच्या कुस्त्या बघायला जा, पण उन्हात मांडी घालून बसायचं नाही, खुर्ची मागून घ्यायची. ‘माजी पैलवान’ खुर्चीवर बसला तर कुणी हसत नाही. आई, जिना दिवसातून एकदाच. वरचं धान्य दादू काढून देईल, तो विसरला तर मला मिस्ड कॉल दे. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. मोतीबिंदूची तारीख कुणी कितीही म्हटलं तरी पुढं ढकलायची नाही. आदल्या रात्रीच्या एसटीनं मी येतेच आहे. आबा, पहाटे स्टँडवर घ्यायला येऊ नका. यायचंच असेल तर मफलर गुंडाळून या.

आबा, राग आला असेल तर दोन दिवस फोन करू नका, चालेल. तिसऱ्या दिवशी मात्र करा. वजन विचारलंत तरी सांगेन.

तुमची,
बाळी

ता. क. आई, बदाम पाठवायचे बंद करू नको. उलट थोडे जास्तच पाठव, खाणारी तोंडं वाढली आहेत.