जुना पाइप चकचकीत करू नका

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तू घरच्या घरी लखलखीत करण्याच्या युक्त्या छापून आल्या. समया-तांब्यांबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण तंबाखूचा जुना पाइप गरम साबणपाण्यात बुडवा, वर पॉलिशपेपर मारा, हे कृपा करून कोणी करू नये. मी परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपात लेथवर टर्नर होतो. आता चोरबाजारातून असे पाइप आणून दुरुस्त करत बसतो. (बिडीलाही कधी हात लावलेला नाही, तेव्हा हा धूम्रपानाचा प्रचार समजू नये.)

तोंडात धरायची काळी दांडी बहुधा एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. उजेडाने, हवेने तिच्यातला गंधक पृष्ठभागावर येतो आणि ती शेवाळी-पिवळट होते. अंगठ्याने खसखसून घासा, वास येतोच. गरम पाण्याने हा रंग जात नाही, उलट उठून दिसतो. शिवाय दांडी बाकदार असेल तर उकळत्या पाण्यात ती सरळ होऊ लागते, कारण मुळात ती सरळ बनवून, तापवून वाकवलेली असते. अशी सरळ झालेली दांडी घेऊन एक गृहस्थ आले होते; घरातल्या कोणीतरी पाइपच बदलला, अशी त्यांची खात्री!

पॉलिशपेपरने होणारे नुकसान याहून मोठे. पाइपची सगळी कुंडली मानेवरच्या, म्हणजे तंबाखूची वाटी आणि दांडी यांच्यामधल्या लाकडावरच्या, बारीक छापात असते. टॉर्च आडवा धरून भिंगातून पाहिले की पुसट अक्षरेही उमटतात. डनहिल या इंग्रजी कंपनीच्या बऱ्याच पाइपांवर ‘इंग्लंड’ शब्दाच्या शेजारच्या चिमुकल्या आकड्यावरून वर्ष काढता येते. लोक मात्र दांडीवरचा पांढरा ठिपका, म्हणजे डनहिलची खूण, बघून खूश होतात. ठिपका काय, कोणीही बसवेल. मानेला चांदीचे कडे असेल तर त्यावर इंग्लंडच्या चांदीचे शिक्के शोधावेत: सिंह, शहराची खूण आणि वर्षाचे अक्षर. जहाजाचा नांगर दिसला की दुकानदार हमखास सांगतो, “साहब, जहाज के कप्तान का है.” नांगर ही बर्मिंगहॅमच्या चांदी-तपासणी कार्यालयाची खूण आहे, १७७३पासूनची, कप्तानाचा संबंध नाही. तरीही कड्याचे वर्ष म्हणजे लाकडाचे वर्ष असे धरून चालू नये. मान तडकली की मागाहून कडे चढवत असत.

पांढरट दगडी वाटीचा मीरशॉम हाती आला तर त्याला पाणी लावूच नये. भिजला की तो मऊ पडतो. वर्षानुवर्षांच्या वापराने चढलेला मधासारखा तांबूस रंग म्हणजे मळ नव्हे. तोच घासून पांढरा केलात तर किंमत गेली.

ब्रायर लाकडाच्या पाइपला करायचे ते एवढेच: दांडी वेगळी काढावी, छिद्र स्पिरिटने साफ करावे, आतला काजळीचा थर खरवडून साधारण एक मिलिमीटर राहू द्यावा. दांडीला फार बारीक वॉटरपेपर चालतो, लाकडाला नाही. शेवटी मेण लावून मऊ कापडाने पुसावे. छापाजवळ हात आखडता घ्यावा.

त्याच लेखात असे पाइप परदेशी गिऱ्हाइकांना विकून डॉलर कमवा, असेही सुचवले आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षे झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. मानेवरचे वर्ष घासून टाकल्यावर पाइप नव्वदचा की एकशे दहाचा, हे दाखवणार कशावरून? येत्या रविवारी पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त टर्नर
लालबाग, मुंबई