पात्यावर पाणी सोड

देगलूर,
कार्तिकी एकादशी

प्रिय दत्ता,

परवा लातुरात तुझं ग्रॅनाइट कटिंगचं दुकान पाहिलं. ओटे झकास कापतोस, लेका. पण ग्राइंडर चालू झाला की तुझी दोन्ही पोरं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी होतात. मला आमचे तात्या आठवले.

तात्यांनी 22 वर्षं खदानीत काढली. मराठवाड्यात बहुतेक काळा बेसाल्ट, पण देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाइट निघतो. त्यात चमकते ते गारेचे कण, म्हणजे सिलिका. धाप लागू लागली तेव्हा एका दवाखान्यात टीबीच्या गोळ्या दिल्या. कोर्स दोनदा झाला. ‘बाबा, काम काय करता?’ हे विचारायला पुढं नांदेडची एक तरुण डॉक्टरीण भेटावी लागली. टीबी खोटा नव्हता, पण त्याच्या खाली सिलिकोसिस होता, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार.

तिनं समजावलं ते मी विसरलो नाही. डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतेक नाका-घशातच अडकते, खाकरलं की निघते. घात करते ती न दिसणारी. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड, हे कण 5 च्याही आतले. थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. तिथल्या राखणदार पेशी त्यांना गिळतात, पण दगड पचतो व्हय? पेशीच मरते, कण मोकळा होतो, मग दुसरी पेशी गिळते, तीही मरते. दर खेपेला सूज येते आणि शेवटी कडक गाठी होतात. त्याच पेशी टीबीच्या जंतूंशीही लढतात, म्हणून टीबीला वाट मोकळी. खदान सोडल्यावरही तात्यांची धाप वाढतच गेली, कारण आत गेलेला दगड आतच होता. तो काढणारं औषध नाही.

आता तू क्वार्ट्झचे पाट मागवणार म्हणतोस, ते गारेची भुकटी राळेत घट्ट करून कारखान्यात बनवलेले. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण 30 टक्के, त्या कारखान्यातल्या दगडात 90 च्याही वर असू शकते. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदीच घातली.

रुमालाचा उपयोग नाही. पात्यावर पाण्याची धार सोड, वाळलेली भुकटी झाडू नको, पोरांना एन-95 दे आणि छातीचा फोटो काढून आण. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात मी दगडावर पाणी ओतायला सांगतोय, हसशील. पिंपात गाळ बसू दे, वरचं पाणी परत वापर.

आईच्या ओट्याचं माप सोबत आहे, साडेआठ फूट बाय दोन. घाई नाही. पाण्याची सोय झाली की काप.

तुझा,
माधव