‘कलम 482’ शोधण्याआधी

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू मुलाखतीच्या प्रश्नांची तयारी वाचून दाखवलीस, तेव्हा कोर्टाची वेळ झाल्यामुळे सविस्तर बोलता आले नाही, म्हणून लिहिते. “कायद्याचे संशोधन कसे करता?” या प्रश्नाला तू एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्र या निवाडे शोधण्याच्या संकेतस्थळांची नावे सांगणार आहेस, ती तर प्रत्येक उमेदवार सांगेल. प्रश्न हाती आल्यावर तू सुरुवात कुठून करतेस आणि सापडलेला निवाडा आजही टिकून आहे हे कशावरून ठरवतेस, हे त्यांना ऐकायचे असते.

मुलाखतीपूर्वी ‘कलम 482’ एवढेच टाकून शोध घेऊन पाहा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे कलम होते आणि गुन्हा रद्द करून घेण्यासाठीचे अर्ज त्याखाली होत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मात्र 482 म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार 528 मध्ये गेले. नुसता आकडा टाकला की दोन्ही विषयांचे निवाडे एकत्र पुढ्यात येतात. म्हणून कायदा कोणता, घटना कोणत्या तारखेची आणि मागणी काय, हे मी आजही आधी कागदावर लिहिते. तुझ्या इंटर्नशिपमधले असेच एखादे काम आठव आणि तेच सांग.

ज्युनिअर असताना मी केवळ हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या सुरुवातीला छापलेला सारांश, वाचून एक निवाडा दाखल केला होता. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी शांतपणे उठून तो मोठ्या पीठाने केव्हाच चुकीचा ठरवल्याचे दाखवले. (पुढे ते आमचे स्नेही झाले, पण तो निवाडा मला अजून ऐकवतात.) तेव्हापासून पीठ किती न्यायमूर्तींचे होते, त्यांनी प्रत्यक्ष कोणता मुद्दा ठरवला आणि कोणते विधान ओघात केले, हे पाहिल्याशिवाय मी दाखला देत नाही.

एआयबद्दल ते विचारतीलच. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केल्याबद्दल न्यूयॉर्कमध्ये 2023 साली वकिलांना 5,000 डॉलर दंड झाला होता. तू वापरत असशील तर वापरते म्हण, आणि पडताळणी कशी करतेस तेही सांग, लपवू नकोस.

“काहीच सापडले नाही तर?” या प्रश्नाला घाबरू नकोस. कुठे कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत शोधले, हे टिपणात लिहून वरिष्ठांना वेळेत कळवणे हेही संशोधनच आहे.

रविवारी रात्री फोन कर, मी प्रश्न विचारते.

तुझी,
आई