नवी राईड आणा, पण जुना देखावा मोडू नका

संपादक महोदय,

थीम पार्कमध्ये नवीन काही बांधायचं म्हटलं की सगळी चर्चा राईड किती उंच, किती फास्ट यावरच होते, आजूबाजूच्या देखाव्याचं काय होणार हे कुणी विचारतच नाही. १९५५ ला डिस्नीलँड सुरू झालं तेव्हा भोवती मातीचा उंच बांध घालून झाडं लावली, कशासाठी तर आतून बाहेरचं जग दिसू नये. फ्लोरिडातल्या डिस्नी पार्कात १९९४ चा टॉवर ऑफ टेरर (पडक्या हॉटेलच्या रूपातली उंच राईड) १९९ फुटांवरच थांबवला, कारण २०० फूट झाले की विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागतो आणि जुन्या पडक्या हॉटेलवर तो कसा शोभणार! शिवाय हा टॉवर शेजारच्या एपकॉट या डिस्नीच्याच पार्कमधनं तिथल्या मोरोक्को देशाच्या धर्तीवरच्या इमारतींमागे दिसतो म्हणून रंग न् ठेवण त्यांना मिळतीजुळती केली, याला म्हणतात काळजी.

आणि तिथल्याच मॅजिक किंगडम या डिस्नी पार्कमध्ये जुलै २०२५ ला नदी, बेट आणि वाफेची बोट कायमची बंद केली, गाड्यांच्या थीमच्या एरियासाठी. मला हे अजिबात पटलेलं नाही. नदी म्हणजे नुसतं पाणी नव्हतं हो, एवढ्या गर्दीत नजरेला तीच मोकळी जागा होती, बोटीचं मागचं चाक पाणी उडवत फिरायला लागलं की तो जुना काळ खरा वाटायचा.

बांधकाम चालू असताना तर बऱ्याच पार्कांत साधे पत्रे ठोकून मोकळे होतात. निदान त्यांच्यावर त्या भागाला शोभेल असं चित्र तरी काढा, आणि प्लॅन पास करायच्या आधी प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून काय दिसेल ते तपासा, झाडं आधीच लावा, ती वाढायला वर्षं जातात.

– एक वाचक