वाडीचे मत गुप्त राहते का?

महोदय,

मतदानाचा टक्का घसरला की मतदाराच्या उदासीनतेची चर्चा होते. परंतु ज्या गावात एकच मतदान केंद्र आहे, त्या गावाचा कल केंद्रनिहाय निकालातून उघड होतो, याकडे फारसे लक्ष जात नाही. व्यक्तीचे मत गुप्त राहिले तरी वाडीचे राहत नाही, आणि रस्ता किंवा नळपाणी योजना त्या आकड्यांवरून अडवली जाईल, ही धास्ती राहतेच. मतपत्रिकांच्या काळात, आयोगाला गरज वाटल्यास, अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय निवडणूक संचालन नियमांतील नियम ५९-अ मध्ये होती. मतदान यंत्रे आली आणि ती सोय गेली. अनेक यंत्रांची एकत्रित बेरीज दाखवणाऱ्या ‘टोटलायझर’चा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला, विधी आयोगाने २०१५ च्या २५५व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, तरीही तो अमलात आलेला नाही.

केंद्रनिहाय आकडे पडताळणीसाठी हवेत, हा आक्षेप रास्त आहे. २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांची मतदान यंत्रांबद्दलची शंका अशाच आकड्यांवरून उभी राहिली होती. म्हणून निदान तीन-चारशे मतदारांच्या केंद्रांचे आकडे शेजारच्या केंद्रांत मिळवून जाहीर करावेत आणि मूळ नोंद न्यायालयीन तपासणीसाठी सीलबंद ठेवावी.

– एक वाचक, सातारा