फळ्याची भिंत कोरी ठेवा

मा. संपादक,

'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानानंतर जिल्हा परिषदेच्या शाळांत 'बोलक्या भिंतीं'ना जोर आला. व्हरांड्यातले पाढे, पायऱ्यांवरचे अंक, बाहेरच्या भिंतीवरची झुकझुकगाडी याला कुणाची हरकत नसावी. अडचण वर्गात, तीही फळ्याच्या भिंतीवर आहे. रंगारी चौरस फुटावर पैसे घेतो, मोकळी जागा सोडणे त्याला परवडत नाही. मग फळ्याच्या दोन्ही अंगांना बाराखडी, फळे, महिने आणि थोर पुरुष दाटीवाटीने येऊन बसतात. पहिलीतल्या पोराची नजर बाईंवरून आंब्यावर जाते ती तिथेच राहते.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवर्गातल्या २४ मुलांना काही पाठ सजवलेल्या वर्गात, तर काही कोऱ्या भिंतींच्या वर्गात शिकवले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सजवलेल्या वर्गात मुलांचे लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ पाठावर नव्हते, कोऱ्या वर्गात २८ टक्के. नंतरच्या चाचणीत बरोबर उत्तरे अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के. प्रयोग छोटा आहे, सातवीच्या वर्गाला तो जसाच्या तसा लावू नये. पण तीच चित्रे मागच्या भिंतीवर काढायला जास्तीचा पैसाही लागत नाही.

खुद्द फळ्याकडे मात्र कुणी बघत नाही. रंगकामात उरलेला काळा ऑइलपेंट फळ्याला फासला की तो आरशासारखा चमकतो. खिडक्यांच्या विरुद्ध बाजूला पुढच्या रांगेत बसलेल्यांना मग अर्धा फळा नुसता पांढरा दिसतो, आणि ती मुले शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतात. उपाय सोपा आहे. फळा पॉलिश पेपरने घासावा, चमक नसलेल्या ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन पातळ हात द्यावेत, पूर्ण वाळल्यावर खडू आडवा धरून सगळ्या फळ्यावर फिरवावा आणि पुसावा. ही शेवटची पायरी गाळली तर पहिल्या दिवशी लिहिलेल्या अक्षरांच्या खुणा पुसल्या तरी राहतात.

उजेडाचेही तसेच. बहुतेक मुले उजव्या हाताने लिहितात, म्हणून खिडक्या त्यांच्या डावीकडे येतील असा फळा असावा; नाहीतर हाताची सावली वहीवर पडते. ट्यूबलाइट पंख्याच्या पात्यांच्या वर बसवली की खालच्या बाकांवर सावल्या सतत लपलपतात. वायरमनला सांगून ती पात्यांच्या पातळीखाली घ्यावी. फळ्यासाठी वेगळी ट्यूब असावी.

आवाजाचा प्रश्न रंगाने सुटत नाही. न्यूयॉर्कमधील एका शाळेत उन्नत रेल्वेमार्गाकडच्या वर्गांतली मुले वाचनात मागे असल्याचे १९७५ च्या अभ्यासात दिसले. रुळांखाली रबर आणि वर्गांना आवाज शोषणारे छत बसवल्यावर पुढच्या पाहणीत तो फरक उरला नव्हता. आपल्याकडे कोकणात पत्र्याच्या वर्गावर पाऊस कोसळू लागला की शिकवणे थांबते. पत्र्याखाली छत घातले तर हा आवाज कमी होतो आणि मार्च-एप्रिलची धगही.

शाळा तपासायला येणाऱ्या समितीने दारात उभे राहून गुण देऊ नयेत. शेवटच्या बाकावर आणि खिडकीसमोरच्या कोपऱ्यात, मुलांच्या उंचीवर बसून फळ्यावरची एक ओळ वाचून पाहावी.

— एक निवृत्त केंद्रप्रमुख, रत्नागिरी जिल्हा