हरवलेल्या फोनचा ओटीपी हरवलेल्याच फोनवर

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मोबाइल बनवणारी कंपनी, मुख्य कार्यालय

दिनांक : १२ ऑगस्ट २०२५

विषय : चोरीला गेलेला फोन शोधण्याच्या आपल्या सेवेबद्दल तक्रार

महोदय,

फोन चोरीला गेला यात तुमचा दोष नाही. दादरला गर्दीत लोकल पकडताना पर्सची चेन मीच बघायला हवी होती. तक्रार आहे ती त्यानंतरच्या दोन दिवसांबद्दल.

सोमवारी, ४ ऑगस्टला, कुर्ला गेल्यावर पर्स उघडी दिसली. शेजारी बसलेल्या मुलीच्या फोनवरून माझा नंबर लावला, तर पूर्ण रिंग वाजली. म्हणजे फोन अजून चालू होता. तिच्याच फोनवर तुमची फोन शोधायची साइट उघडली, पासवर्ड बरोबर टाकला. पुढच्या पानावर आलं, 'शेवटी ४७ असलेल्या क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे.' तो नंबर माझाच आणि फोन चोराच्या हातात! मुलगी आधी हसली, मग ओशाळली. घाटकोपर येईपर्यंत फोन 'संपर्क क्षेत्राबाहेर' गेला.

तो कसा गेला, तेही घरी आल्यावर कळलं. माझ्या नणंदेकडे हेच मॉडेल आहे. तिचा फोन लॉक केला, वरून बोट खाली ओढलं आणि विमानाच्या चिन्हावर टेकवलं. नेटवर्क गेलं, नेट गेलं, पासवर्ड कोणी विचारला नाही. हे बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती शोधायला आम्हा दोघींना वीस मिनिटं लागली. नवीन फोनमध्ये ती आधीपासून चालू का नसते?

तुमच्या माहितीपुस्तिकेत लिहिलंय, 'फोन हरवल्यास सर्वप्रथम सिम बंद करा.' बँकेच्या पैशांसाठी ते लगेच करायला हवं, मान्य. पण सिम बंद झालं की फोनचं नेट जातं, मग दुरून कुलूप लावायचं कशाच्या जोरावर? आधी फोनला कुलूप, त्यापाठोपाठ सिम, एवढं एक वाक्य छापायला काय हरकत होती? सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करता येतो, ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. पुस्तिकेत तिचं नावही नाही. मला ती डोंबिवलीच्या लोहमार्ग पोलिसांनी सांगितली.

मंगळवारी नवीन सिम मिळालं. त्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. तो नियम फसवणूक टाळण्यासाठी आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बुधवारी संध्याकाळी एकदाचा तुमचा ओटीपी आला आणि नकाशावर दिसलं : शेवटचं ठिकाण दादर, सोमवार. फोनमधला मजकूर पुसायचा आदेश दिला. 'फोन ऑनलाइन आल्यावर अंमलात येईल' हे उत्तर आज सहा दिवसांनंतरही तसंच आहे.

राहिलं बिल. आयएमईआय ब्लॉक करताना ते जोडता येतं. तुमच्याच दुकानातून मिळालेल्या बिलाची शाई दीड वर्षात उडाली, आयएमईआयच्या १५ आकड्यांपैकी नऊच वाचता येतात. नशीब, माळ्यावर खोका सापडला आणि त्यावरच्या स्टिकरवर दोन्ही सिमचे आयएमईआय होते. पण बिलाची प्रत मागायला दुकानात गेले तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ओटीपी सांगा." तेव्हा माझ्याकडे सिमच नव्हतं. आधार कार्ड दाखवलं, पोलिसांच्या तक्रारीची प्रत दाखवली. तो बिचारा म्हणाला, "सिस्टम घेतच नाही."

तेव्हा, बिलाची स्पष्ट प्रत मला ईमेलने पाठवावी. फोन शोधण्याच्या सेवेत घरच्या माणसाचा दुसरा नंबर किंवा आधी लिहून ठेवलेला संकेतांक चालावा. आणि लॉक असताना फ्लाइट मोडला पासवर्ड लागेल, असा बदल पुढच्या अपडेटमध्ये करणार की नाही, ते १५ दिवसांत लेखी कळवावं. नाहीतर मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवणार आहे.

उत्तर कृपया पत्राने किंवा ईमेलने द्यावे. ते उघडायला ओटीपी लागू नये.

आपली,
एक ग्राहक, डोंबिवली पूर्व

सोबत : पोलीस तक्रारीची प्रत, खोक्यावरील स्टिकरचा फोटो, शाई उडालेले बिल